बंदुकीची जुनी चामडी पेटी कशी सावरावी

इंदुरात जुन्या वाड्यांची आवराआवर निघाली की माळ्यावरून, कोठीच्या खोलीतून किंवा आजोबांच्या पलंगाखालून एखादी लांबट, चपटी, पितळी कोपऱ्यांची चामडी पेटी बाहेर येते. आतली बंदूक बहुतेक वेळा केव्हाच गेलेली असते: विकलेली, जमा केलेली किंवा वाटणीत दुसऱ्या घरी पोचलेली. पेटी मात्र राहून जाते, कारण ती कुणीच मागत नाही. मग घरातलं कुणीतरी मायेने ती ओल्या फडक्याने पुसतं, खोबरेल चोळतं, वरून बुटाचं पॉलिश मारतं, आणि शंभर वर्षं टिकलेलं चामडं एका दुपारीत काळंठिक्कर पडून कडक होतं. ते पुन्हा पहिल्यासारखं कधीच होत नाही.

म्हणून पहिला नियम आत्ताच सांगतो. आधी सगळं कोरडं काम करायचं. पाणी आणि तेल सगळ्यात शेवटी, आणि काही पेट्यांना ते कधीच लावायचं नाही. आपली पेटी कुठल्या प्रकारात बसते हे ठरवणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे. बाकी टाके, बकलं, अस्तर हळूहळू हाताला येतं.

उघडताना

पेटी रिकामीच असेल असं धरून चालू नका. अस्तराच्या कप्प्यांत झाकणं असलेले छोटे खण असतात. त्यांत तेलाची बाटली, पेचकस, नळी साफ करायच्या गजाची टोकं निघतात, तशी जुनी काडतुसंही निघू शकतात. काडतूस दिसलं तर ते हलवू नका, पुसू नका, मुलांच्या हाती देऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो पणजोबांचा असला तरी. त्याच कायद्याच्या कलम 21 मध्ये अशा वस्तू पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची सोय आहे. ती वस्तू पिशवीत घालून स्कूटरवरून विचारायला जायचं नाही. आधी फोन करा, ते सांगतील तसं करा. बंदूकच निघाली, तरी हेच. ती चालणारी आहे की नाही हे आपण घरी ठरवायचं नसतं.

रिकामी पेटी हे शस्त्र नव्हे, तिला परवाना लागत नाही. पण ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर 1972 च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते आणि मग ती परस्पर परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून कुरियर करायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. आणखी एक. काही शिकारी घरांतल्या पेट्यांवर सांबराच्या किंवा दुसऱ्या जंगली जनावराच्या कातड्याची खोळ असते. तशी शंका आली तर ती विकायच्या भानगडीत पडू नका, कारण तिथे वन्यजीव संरक्षण कायदा लागतो.

आतली धूळ हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेतच. कीड लागू नये म्हणून जुन्या काळी काय काय विषारी पावडरी भुरभुरवल्या जात, त्याचा अंदाज बांधणं कठीण असतं.

आधी कागद, मग हात

कुठलाही भाग सोडवण्याआधी फोटो काढा: बाहेरून सहाही बाजू, आतलं झाकण, प्रत्येक कप्पा, प्रत्येक बकल, तुटका टाका, अगदी धुळीत उमटलेली खूणसुद्धा. सोबत फूटपट्टी ठेवा. सुटलेला स्क्रू, चामड्याचा तुकडा, बनातीची (आतल्या लोकरी अस्तराची) लोंबती चिंधी, सगळं चिठ्ठी लावलेल्या लिफाफ्यात जाऊ द्या. जुन्या पितळी स्क्रूंची डोकी हाताने कापलेली असतात आणि ते ज्याच्या त्याच्या भोकात नीट बसतात, म्हणून कुठला कुठचा हे लिहून ठेवा.

झाकणाच्या आत कागदी लेबल असेल तर तीच पेटीची जन्मपत्रिका. आपल्याकडच्या पेट्यांत लंडनच्या कारखानदारांबरोबर कलकत्त्याच्या मँटन, रोडा, लायन अँड लायन अशा विक्रेत्यांचीही नावं सापडतात. लेबलावरचा पत्ता नीट वाचा. उदाहरणार्थ, लंडनच्या पर्डी कंपनीचं दुकान आधी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर होतं आणि 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला ते साउथ ऑडली स्ट्रीटवर गेलं. तेव्हा ऑक्सफर्ड स्ट्रीटचा पत्ता असलेलं लेबल त्याआधीचं. अर्थात लेबल एका काळाचं आणि पेटी दुसऱ्या काळाची असंही होतं, कारण लोक नवी बंदूक जुन्या पेटीत ठेवत.

झाकणावर अनोळखी आद्याक्षरं ठसवलेली असली तर नाराज होऊ नका आणि ती घासून काढायचा विचारही करू नका. इंदूरजवळच्या महूची छावणी 1818 च्या मंदसौर तहानंतर वसली. तिथून बदली होऊन जाणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांचं सामान आसपास विकलं जाणं ही सहज घडणारी गोष्ट. ती आद्याक्षरं, रेल्वेच्या चिकटलेल्या चिठ्ठ्या, पट्ट्याने पडलेला घासटा हे सगळं पेटीचंच आहे. ते जपायचं आहे.

पेटी कशाची आहे

काठाशी जिथे चामडं फाटलंय तिथे भिंगातून पाहा. खऱ्या चामड्याच्या कडेला बारीक तंतू दिसतात. विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन किंवा रंग चढवलेलं कॅनव्हास आहे, आणि पुढचं बरंचसं त्याला लागू नाही.

चामडी पेट्या साधारण तीन तऱ्हेच्या. सगळ्यात भारी म्हणजे ओकच्या लाकडाचा सांगाडा, वर जाड चामडं, कोपऱ्यांना पितळ. ही उचलतानाच कळते, इतकी जड असते. दुसरी हलक्या लाकडाच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या सांगाड्यावर चामडं ओढलेली. तिसरी सांगाड्याविना, नुसत्या जाड चामड्याची, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे निमुळती. दोन भागांत सुटणारी बंदूक तीत मावते. पुठ्ठ्याच्या पेटीला ओल अजिबात सोसत नाही, फुगते. बिनसांगाड्याची पेटी बसकी झाली असेल तर जोर लावून आकार द्यायला जाऊ नका. आत बिनशाईच्या कागदाचे बोळे सैलसर भरून तिला महिनाभर तशीच असू द्या.

कधी सुरू करायचं

माळव्यात या कामाला ऋतू आहे. मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो आणि हवा इतकी कोरडी होते की चामड्यातला उरलासुरला ओलावा निघून जातो. अशा वेळी झाकण पूर्ण उघडलं तरी बिजागरीपाशी तडकतं. जुलै ते सप्टेंबर बुरशीचे. दसरा झाला, हवा निवळली, की फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात पेटी सापडली तर तिला पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत, झाकण थोडं किलकिलं ठेवून आठवडाभर राहू द्या. ऊन दाखवू नका. गाद्या-गोधड्यांना ऊन मानवतं, जुन्या चामड्याला नाही. निरोगी चामडंही ओलं असताना साधारण 75 ते 85 अंशांना आक्रसतं आणि जीर्ण झालेलं त्याहून बरंच आधी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवायची तर बातच नको.

पांढऱ्या फडक्याची परीक्षा

आता या सगळ्या कामाच्या गाभ्याकडे. पांढरं, कोरडं, मऊ सुती फडकं घ्या आणि पेटीच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी, हलक्या हाताने दोनदा फिरवा. काळपट मळ आला तर ती नुसती धूळ. विटकरी, लालसर भुकटी आली आणि बोटाला ती मखमलीसारखी लागली, तर पेटीला लाल कूज लागलेली आहे.

ही कूज कीड नव्हे, बुरशीही नव्हे. झाडांच्या सालीने कमावलेलं चामडं हवेतला गंधकाचा धूर वर्षानुवर्षं शोषून घेतं, त्याचं आत गंधकाम्ल होतं आणि ते चामड्याचे तंतू तोडत जातं. कोळशाच्या शेगड्या, गिरण्या, रेल्वेची इंजिनं, हा सगळा धूर या पेट्यांनी पचवलेला आहे. कुठल्या सालीने चामडं कमावलं यावरही बरंच ठरतं. बाभूळ आणि तरवड यांनी कमावलेलं चामडं या कुजीला लवकर बळी पडतं. हिरड्याने किंवा ओकच्या झाडावर धरणाऱ्या फोडांनी (गाठींनी) कमावलेलं जास्त तग धरतं. म्हणूनच एकाच घरातल्या एकाच वयाच्या दोन पेट्यांतली एक धड असते आणि दुसरी हाताला भुकटी देते.

कुजलेले तंतू परत जुळत नाहीत. भुकटी थांबवता येते, एवढंच. आणि पाणी लागलं की ते चामडं क्षणात गडद होतं आणि वाळल्यावर कडक, काळं, ठिसूळ राहतं. घरोघरी पेट्या बिघडतात त्या याच एका कारणाने. ओलसर फडकं, साबणाचा फेस, पाण्यात कालवलेला गोंद, सगळ्याचा परिणाम तोच.

अशा चामड्यासाठी एक चांगला उपाय संग्रहालयांत रुळलेला आहे. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज नावाची पांढरी पूड मिळते, तिचा एक प्रकार क्लुसेल जी या नावाने ओळखला जातो. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडून ती मागवता येते. 100 मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 2 ग्रॅम पूड, चिमटीचिमटीने ढवळत टाकायची आणि बाटली बंद करून रात्रभर ठेवायची. सकाळी पातळ, पारदर्शक, किंचित बुळबुळीत द्राव तयार असतो. अल्कोहोल 99 टक्क्यांचं घ्या. औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळतं त्यात साधारण तीस टक्के पाणी असतं, म्हणजे ज्या पाण्यापासून पळायचं तेच आपण ब्रशने लावणार.

खिडक्या उघड्या ठेवा. जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको, हे अल्कोहोल झटकन पेट घेतं. मऊ, रुंद ब्रशने, आधी तळाच्या कोपऱ्यावर चार बोटं जागेत लावून पाहा. चामडं ओलं दिसेल, गडद होईल, आणि पंधरावीस मिनिटांत मूळ रंगावर येईल. नाही आलं तर तिथेच थांबा. आलं तर पुढे जा. एक हात द्या, तासभर थांबा, पांढरं फडकं फिरवा. भुकटी येतच असेल तर दुसरा हात. घासायचं नाही, द्राव टेकवत जायचं आणि चामड्याला तो पिऊ द्यायचा. भुकटी फार असेल तर पहिल्या हाताला पूड निम्मीच घ्या, म्हणजे द्राव खोलवर जातो.

फडक्यावर काही आलं नाही, चामडं लवचीक आहे, कड वाकवली तर भेग पडत नाही, अशी पेटी भाग्याची. तिच्यासाठी पुढचा साफसफाईचा आणि तेलाचा भाग आहे. कूज लागलेल्या पेटीवाल्यांनी त्यातलं कोरडं तेवढं घ्यायचं आणि तेही द्राव वाळल्यावर.

बुरशी आणि मळ

बुरशी असेल तर पेटी गच्चीवर किंवा ओट्यावर, सावलीत न्या. रंगाच्या मऊ ब्रशने बुरशी व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाकडे ढकलत जा, तोंडावर पातळ जाळीचं कापड बांधा. ओलं फडकं फिरवलं की बुरशीचे बीजाणू चामड्याच्या छिद्रांत बसतात, म्हणून ते नको. मळासाठी पांढरं, मऊ खोडरबर किसणीवर किसा, तो कीस मळक्या जागी पसरा आणि बोटांनी गोल गोल हलकेच फिरवा. कीस काळा होतो, झटकून टाका, नवा घ्या. याला वेळ लागतो, पण चामड्याला इजा होत नाही. मला साफसफाईतला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण मळाखालून हळूहळू मूळचा मधासारखा किंवा तपकिरी रंग वर येतो.

निरोगी चामड्यावर यानंतरही चिकटा राहिला तर सॅडल सोप, म्हणजे खास चामड्यासाठीचा साबण. स्पंज इतका पिळा की दाबला तरी थेंब पडू नये. फेस स्पंजवर करायचा, पेटीवर नाही. तळहाताएवढ्या जागेत काम करा, लगेच कोरड्या फडक्याने टिपा, मग पुढची जागा. टाके आणि कागदी लेबल यांच्यापासून दोन बोटं लांब राहा.

तेल: किती कमी पुरतं

आपल्या घरांत चामड्याला तेल म्हणजे खोबरेल. ते लावू नका. साधारण 24 अंशांखाली ते थिजतं आणि इंदूरच्या जानेवारीत चामड्यावर पांढरट थर दिसू लागतो, त्यावर धूळ बसते. जवसाचं तेल तर वार्निशासारखं वाळून चामडं ताठ करतं. बुटाचं पॉलिश रंग बदलतं आणि ठसवलेल्या अक्षरांत भरून बसतं.

तेलाची गरज निरोगी पण कोरड्या चामड्यालाच असते. शुद्ध निट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं) किंवा लॅनोलिन (लोकरीतली चरबी) असलेलं पातळ क्रीम घ्या. अख्ख्या पेटीला एक चहाचा चमचा पुरतं. फडक्याला लावायचं, फडकं हातावर चोळायचं, मग पेटीवर फिरवायचं. दुसऱ्या दिवशी बघा. पट्टे जास्त वाकतात, त्यांना थोडं जास्त द्या. एकेकाळी संग्रहालयांतही लॅनोलिन, मेण आणि सीडार तेलाचं मिश्रण सढळ हाताने लावत. पुढे तज्ज्ञांनीच ती पद्धत सोडली, कारण जास्तीचं तेल वर येऊन चिकट राहतं आणि तेल मुरलेल्या जागी पुढे कधी खळ धरत नाही. कुजलेल्या चामड्याला तेलाने काही मिळत नाही. ते फक्त गडद होतं.

पितळ

बकलाखाली, रिवेटभोवती हिरवी, मेणासारखी घाण साचलेली दिसेल. पितळातलं तांबं आणि चामड्यातली जुनी चरबी यांच्या मिलाफातून ती तयार होते, आणि वाढत जाऊन रिवेटचं भोक मोठं करते. लाकडी टूथपिकचं टोक चपटं तासा आणि ती खरवडून काढा. सुई किंवा सुरीचं टोक नको, पितळावर ओरखडा उमटतो. उरलेलं काडीवरच्या कापसाला रंगाच्या दुकानातलं एमटीओ टर्पेंटाईन लावून पुसा, दरवेळी नवा कापूस. बकलाची जीभ उचलून तिच्या मुळाशी पाहायला विसरू नका, तिथे पट्टा आतून खाल्लेला असतो आणि वरून पत्ता लागत नाही.

लखलखीत करायची गरज नाही. चिंच, लिंबू, पितांबरी, आंबट काहीही या पितळाला लावू नका. देवाची भांडी आपण नंतर पाण्याने धुतो, पेटी धुता येत नाही, आणि आम्ल चामड्यात उतरतं. चमक हवीच असेल तर जाड प्लास्टिकच्या पारदर्शक फाईलमधून पट्टी कापून पितळाच्या कडेखाली सरकवा, म्हणजे चामडं झाकलं जातं, आणि नुसत्या कोरड्या फ्लॅनेलने घासा.

टाके, पट्टे, मूठ

या पेट्या दोन सुयांनी शिवलेल्या असतात. प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे उलटसुलट जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शिवण उसवत जात नाही. मशीनच्या टाक्याला ही खात्री नाही, म्हणून पेटी कुणाकडे मशीनवर शिवायला देऊ नका. मशीनची सुई जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पाडते, आणि भोकांची ओळ दुहेरी झाली की कड फाटलीच.

दोरा लिननचा घ्या, मेणाच्या वडीवरून तीनचार वेळा ओढा. नायलॉन नको. तो चामड्याहून चिवट असतो, ताण आला की दोरा टिकतो आणि चामडं कापलं जातं. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा लागतो. बोथट टोकाच्या दोन सुया, दोऱ्याच्या दोन टोकांना. जुनी भोकं बुजली असतील तर आरीने फक्त मोकळी करा, मोठी करू नका. इंचाला आठ ते दहा टाके हे जुन्या कामाचं माप दिसतं, पण मोजायची गरजच नाही, भोकं सांगतील. तुटलेल्या जागेच्या आधीच्या तीन धड टाक्यांवरून सुरुवात करा आणि पुढच्या तीन टाक्यांवर संपवा. दोरा ओढताना हात दोन्हीकडे सारखा आणि सैलसर. जुनं चामडं टाका आवळला की सुरीने कापल्यासारखं फाटतं.

पट्टा बकलापाशी तुटला असेल तर तो फेकून नवा लावायचा मोह होतो. मी तसं करत नाही. नवं, पातळ, झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं घ्या, त्याची टोकं तासून कागदासारखी पातळ करा आणि जुन्या पट्ट्याच्या खालून पट्टी द्या. वरून जुनाच पट्टा दिसतो आणि भार नवी पट्टी घेते. तासायचं काम नवख्या हाताला जड जातं. इंदूरची चामड्याची खेळणी भौगोलिक मानांकन मिळालेली आहेत आणि ती बनवणाऱ्या कारागिरांचा पातळ चामड्यावर फार चांगला हात असतो. त्यांच्याकडून पट्टी तासून घ्या, समोर बसून घ्या, जमलं तर शिकून घ्या. पेटी त्यांच्याकडे सोडून येऊ नका, फक्त माप न्या. जाड पट्ट्यांच्या कामाला घोड्यांचं सामान करणारा माणूस बरा.

चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीसेक मिनिटं ढवळत शिजवा, गार झाली की गाळणीतून दाबून काढा. आपल्याकडे पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची रीत आहे. इथे ते घालू नका. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, तो आम्लधर्मी असतो आणि चामड्याची झीज वाढवतो. खळ जेवढी लागेल तेवढीच करा, दोन दिवसांत संपवा. कुजीच्या चामड्याला आधी क्लुसेल दिलेलं असावं, मगच खळ, तीही पाणी आटून घट्ट झालेली, आणि नव्या पट्टीला लावायची, जुन्याला नाही. फेव्हिकॉल पुढे सुटत नाही आणि फेविक्विकने चामडं काचेसारखं कडक होतं. आपण केलेलं काम पन्नास वर्षांनी दुसऱ्याला उलगडता आलं पाहिजे.

मुठीविषयी एकच सांगणं: दुरुस्त झाल्यावरही तिला धरून पेटी उचलू नका. दोन्ही हात खाली घालून उचला.

अस्तर

आतली बनात लोकरीची असते, बहुधा लाल, मरून, हिरवी किंवा निळी, आणि कसरीने खाल्लेली. जाळीतून व्हॅक्यूम करा, सांध्यांत आणि कप्प्यांच्या कोपऱ्यांत विशेष. तांदळाच्या कण्यांसारख्या अळ्यांच्या पिशव्या दिसल्या तर सुटे कप्पे प्लास्टिकमध्ये हवाबंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

भोकं बुजवायला नवं अस्तर लावण्याआधी विचार करा. बंदुकीच्या आकाराचा दाब जुन्या बनातीवर उमटलेला असतो, नळी कुठे टेकत होती ते दिसतं. तो एकदा गेला की गेला. मी फक्त भोकाखाली त्याच रंगाचा तुकडा सरकवतो. त्यासाठी नवी बनात शोधत बसायला नको. स्नूकरच्या टेबलांचं कापड ठरावीक काळाने बदलतात आणि उतरवलेलं कापड क्लबवाले सहज देतात. ते लोकरीचंच असतं. हा खेळ 1875 मध्ये आपल्या जबलपुरात जन्मला असं मानतात, तेव्हा मध्य प्रदेशात त्या कापडाचा तुटवडा नसावा. तुकडा लावण्याआधी ओल्या कापसाने दाबून रंग सुटतो का ते पाहा.

लेबल सुटत असेल तर त्याच्या मागे बारीक ब्रशने घट्ट खळ लावा, वर टिपकागद, त्यावर हलकं वजन. लेबल सोलून काढून फ्रेम करू नका.

कुलूप आणि शेवटचा हात

कुलपात तेल ओतू नका, ते गळून लाकडात आणि बनातीत जातं. पेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला लावून हलके फिरवा. किल्ली नसेल तर कुलूपवाल्याला घरी बोलवा. तो पेटी उचकटायला निघाला तर नमस्कार करून वाटेला लावा.

घासटलेल्या जागांना रंग देण्याची घाई नको. मायक्रोक्रिस्टलाईन मेणाचा अगदी पातळ हात दिला की निम्मे ओरखडे डोळ्यांत भरेनासे होतात. रेनेसाँ वॅक्स नावाचं मेण याच कामासाठी चालतं. क्लुसेल दिलेल्या चामड्यावरही ते चालतं, पण दोन दिवस मध्ये जाऊ द्या, आणि फडकं फिरवताना दाब नको.

ठेवायचं कसं

प्लास्टिकच्या पिशवीत नाही, पत्र्याखालच्या माळ्यावर नाही, बाहेरच्या भिंतीला टेकवून नाही. इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटमधून मांजरपाट आणा, दोनदा धुऊन खळ काढा, सैल खोळ शिवा. पेटी आडवी, जमिनीपासून वर, पाटावर किंवा स्टुलावर. हवेतली ओल मोजायचं छोटं यंत्र महाग नसतं. 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास ओल असली की चामडं सुखात असतं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि वेखंडाची पुरचुंडी खोळीत ठेवा, चामड्याला चिकटून नको.

आणि घरात परवान्याची बंदूक असेल तर ती या पेटीत ठेवू नका. असं चामडं हवेतली ओल धरून ठेवतं, त्यात आम्ल असतं, आणि नळीवर गंज चढतो. पेटी दाखवायला, बंदूक कायद्याने सांगितलेल्या जागी.

खंडेनवमीला शस्त्रांबरोबर पेटीही पूजेला मांडायची पद्धत अनेक घरांत आहे, ती मोडायची गरज नाही. हळदीचा डाग चामड्यातून निघत नाही आणि कुंकवाचा रंग बनातीत पसरतो. म्हणून पेटीपुढे पाटावर सुपारी मांडा, हळदकुंकू आणि फुलं त्या सुपारीला वाहा, अक्षता कोरड्या ठेवा, पाणी शिंपडू नका. त्याच दिवशी खोळ काढून वर्षाची तपासणीही उरकते: पांढरं फडकं एकदा तळाशी फिरवा, बकलांखाली हिरवं धरलंय का पाहा, अस्तराचे कोपरे टॉर्चने तपासा, वेखंड बदला.

आपण काय काय वापरलं, कुठे, किती, कुठल्या तारखेला, हे एका कागदावर लिहून कुलपाच्या बाजूच्या कप्प्यात ठेवा. शाई पसरते, पेन्सिलीनेच लिहा.